प्लास्टरचा गणपती

खाजगी वाहिन्या नुकत्याच घरोघरी पोहोचल्या होत्या, तेव्हाची गोष्ट सांगतो. इथे हैदराबादेत एका मालिकेत मला पुरोहिताची, इथल्या तेलुगूत पंतुलूंची, कायमची भूमिका मिळाली होती. प्रसंग गणेशस्थापनेचा होता. मंत्रांचा नुसता अभिनय करणे मला जमत नाही. मी यथाविधी प्राणप्रतिष्ठा केली.

शॉट संपताच दिग्दर्शक ओरडले, "मूरत हटाओ जल्दी! यहाँच डान्स का सेट लगाना है."

मी म्हणालो, "उत्तरपूजा झाल्यावाचून मूर्ती हलणार नाही."

"अजी पंतुलूगारू, हौले हो गए क्या, दिमाग फिर गया? प्लास्टर है वो! जिद करे तो कल से तुम्हारा रोल बंद."

"रोल बंद करा. मूर्ती हलणार नाही."

कामगारांपैकी कोणी पुढे होईना. अखेर दिग्दर्शक स्वतःच तणतणत निघाले. चौरंगापाशी येताच थबकले आणि सवयीने वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

मी विचारले, "साहेब, प्लास्टरसाठी बूट काढता?"

त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या बुटाची नाडी सोडत पुटपुटले, "कितना टाइम लगेगा पूजा को?"

"तुम्ही हात जोडून उभे राहिलात, तर फार नाही."

ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी माझी भूमिका बंद झाली. मी विचारायलाही गेलो नाही.