अठरा लाखाचा गुडघा

नाही, पण मी म्हणतो, दोन रुपये सुटे मागितले तर काय चोरी केली का मी? सरका जरा भाऊ, बसू द्या, पोट्ट्याचा एमआरआय होऊन राह्यला आतमधे, डॉक्टर बोलावते म्हणे... तर तुमाले सांगतो, मी नागपूर-पारशिवनी गाडीवरचा कंडक्टर, सव्वीस वर्षं झाली, आन् महिन्याभरापासून एक पॅसेंजर मले सुटे देऊन नाही राह्यला. काहून? तर माह्या जितूले कबड्डीच्या लीगमधल्या एका टीमनं लिलावात अठरा लाखाले घेतलं. 'काय मनोहरराव, आता तुमी दोन रुपयासाठी हात पसरता? शोभते का तुमाले?' अरे, डेपोत हिशेब मी देतो का जितू देतो? आकडा आला हो, पैसा नाही आला.

आता मीबी जरा येड्यावाणी केलं म्हणा. लिलाव झाला त्या दिवशी गाडीतल्या सगळ्यायचं तिकीट माह्या खिशातून काढलं. बरं झालं अर्ध्या बाया होत्या, त्यायले अर्धंच तिकीट लागलं. पण तवापासून लोकायले वाटते का ह्याच्या घरी नोटायचं पोतं उतरलं. गणपती मंडळवाल्यायनं तर मले न विचारता अकरा हजार वर्गणीची पावती फाडली आन् वरून म्हणे, 'काका, तुमच्यासाठी कमीच लिहिली.'

आन् पैसा कसा येते ते मले रविंद्रनं सांगितलं. रविंद्र म्हंजे जितूचा एजंट. गॉगल डोक्यावर, डोळ्यावर कधीच नाही. म्हणे, 'काका, अठरातून टॅक्स कटते, दहा टक्के माहे, टीमचं मेडिकल पास झालं का सहा लाखाचा पहिला हप्ता, बाकीचे जशा मॅच खेळन तसे.' म्हटलं, आन् बेंचावर बसला तर? 'बसायचे कमी भेटते.' आन् पडला तर? तो मोबाईल पाहाले लागला.

मंग गावानं सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला, इथवर ठीक. पण माइकवाला म्हणे, 'अठरा लाखाची एक चढाई तर दाखव गा जितू!' पोट्टा म्हणे, आंग गरम नाही केलं. तर मागून कोणीतरी, 'पाहा, आत्तापासूनच भाव खाऊन राह्यला.' गेला बिचारा. चौघायनं पाय धरला आन् कट्‌ आवाज आला... मी मैदानाच्या बाहेर होतो, मले ऐकू आला. आन् लोक टाळ्या वाजवून राह्यले होते.

सोमवारी टीमचं मेडिकल आहे. रविंद्र म्हणे, 'काका, तिथं तोंड उघडू नका. ते हातानं दाबून पाहते, आपण आधी दुखणं दाबायचं एक इंजेक्शन मारू, हप्ता पडू द्या.' घरी बायकोले, सुभद्रेले सांगितलं, तर ती म्हणे, 'अहो, पोराले नीट चालता येऊ द्या पहिले.' आन् मी काय म्हटलं असन? मी म्हटलं, 'सहा लाख आहे वं.' लोकायले शिव्या देतो मी, आन् माह्याच तोंडून काय निंगालं? आकडाच निंगाला. पैसा तर आलाच नव्हता... थांबा, बोलावलं वाटते. जागा धरून ठेवा भाऊ.

...

आलो. बसू द्या जरा.

गुडघ्याचं लिगामेंट अर्ध्याच्या वर फाटलं म्हणते डॉक्टर. ऑपरेशन केलं तर वर्षभरानं खेळन. आत्ता तसाच उतरला तर दोन-चार मॅच निंगतीन, मंग जिना बी उतरता नाही येणार. तर संग आलेला हा रविंद्र माह्या कानात, 'दोन-चार मॅच म्हंजे हप्ता तर पदरात पडते ना काका.' आन् जितू नुसता माह्याकडे पाहून राह्यला. वीस वर्षाचं पोट्टं भाऊ, मी हो म्हटलं असतं तर ते खेळलं असतं.

लावला मग फोन टीमच्या मॅनेजरले. सांगून टाकलं सगळं. तो म्हणे, 'थँक यू सर, बेस्ट ऑफ लक.' बस. अठरा लाख जायले अर्धा मिनिट बी नाही लागला. रविंद्र तर जिन्यानं कवा उतरला, दिसलंच नाही.

मंग काउंटरवर गेलो, म्हटलं ऑपरेशनचं विचारून ठेवू. तिथली पोरगी नाव वाचून उभीच झाली. 'अय्या, कबड्डीवाले जितेंद्र? पेपरात पाह्यलं आमी तुमाले!' आन् मले न विचारता जनरल वॉर्ड खोडून डिलक्स रूम लिहून राह्यली. माह्या ओठावर आलं होतं, का बाई, आकडा बी गेला आता... पण बाजूले जितू उभा होता, भिंतीले धरून, आन् ती त्याच्याकडे अशी कौतुकानं पाहून राह्यली होती, आन् सकाळपासून पहिल्यांदा पोट्टं जरासं हासलं.

म्हटलं, 'लिहा बाई, डिलक्स लिहा. फक्त टीव्ही आहे का पाहा त्याच्यात. लीग पाहाची आहे पोट्ट्याले.'