दिगूचा स्वतःचा आवाज

“अक्का, तुझं जिथं चुकलं ना, तेच मला लई आवडलं.”

हे वाक्य दिगू मला म्हणाला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मी बारा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वरच्या सुरावर माझा आवाज फाटला होता आणि मी स्टेजमागे रडत बसले होते. त्यानं समोर बसून तो फाटलेला सूर जसाच्या तसा काढून दाखवला. मी त्याला मारलं. मग हसले.

मंडळी, तुम्ही कामं टाकून तलवाड्याला आलात. माझ्या धाकट्या भावासाठी आलात. मी शिकवते, मला बोलायची सवय आहे, म्हणून मला उभं केलंय. आज ती सवय कामाला येईना. बारा दिवसांपूर्वी दिगू शेतातून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि बीडला पोचायच्या आत गेला. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला बोलता येणार नाही.

दिगूचा ‘डुप्लिकेट बँड’ तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. हळदीला ऐकलाय, जत्रेत ऐकलाय. लग्नाच्या बँडची नक्कल, ऑर्केस्ट्रातल्या बाईंची नक्कल, आपल्या भजनी मंडळाची नक्कल. तुम्ही पोट धरून हसायचात. पण हसायचात कशामुळं? मला वाटतं, तुम्ही ओळख पटली म्हणून हसायचात. आपलं माणूस कसं चुकतं, ते फक्त आपल्यालाच ठाऊक असतं.

भजनी मंडळातले नाना आठवा. नानांना दमा होता. ध्रुपदाच्या दुसऱ्या ओळीआधी ते खोकायचे, आणि पखवाज थांबायचा. त्यांच्याकडून शिकलेल्यांना वाटलं, तिथं थांबायचंच असतं. आजही आपल्या गावचं भजन त्या जागी थांबतं. दुसऱ्या कुठल्या गावात थांबत नाही. दिगूनं तो खोकला पहिल्यांदा स्टेजवर काढला, तेव्हा नाना समोरच बसले होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्यक्रम संपल्यावर नाना काठी टेकत आले.

“दिग्या, मी एकदाच खोकतो. तू दोनदा कावून खोकलास?”

“चुकलं, नाना.”

“मग नीट कर की. उगं बदनामी हाय ही.”

हसा, मंडळी. तोंड लपवू नका. तुम्ही हसलात तर मला जरा बोलता येईल.

पुढं नाना गेले. नानांच्या घरच्या काकू इथं समोर बसल्यात, त्यांची परवानगी न घेता सांगते. महिन्या-दोन महिन्यांनी काकू दिगूला हाक मारायच्या. “दिगू, जरा त्यांचं काढ रे.” दिगू ओट्यावर बसायचा आणि नानांसारखा बोलायचा. गायचा नाही, नुसता बोलायचा. “च्यात साखर न्हाई का आज?” काकू तोंडाला पदर लावून ऐकायच्या. मी एकदा रागावले. म्हटलं, गेलेल्या माणसाची कसली रे नक्कल करतोस? तो म्हणाला, “नक्कल न्हाई, अक्का. नानांचं माझ्यापाशी ठिवलेलं हाय. काकूला घडीभर देतो.”

गेल्या आठवड्यात मी माझ्या मोबाईलमध्ये त्याचा आवाज शोधत बसले. दिगूनं पाठवलेलं कितीतरी सापडलं. नानांच्या आवाजात वाढदिवसाच्या शुभेच्छा. एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात ‘अंबाजोगाईवाले उतरा’. माझ्या आवाजात मलाच दिलेला ओरडा. दिगूच्या आवाजातलं एकही नाही. फोनवरसुद्धा आधी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात सुरू व्हायचा, आणि मी म्हणायचे, ठेव रे फोन, मला तास आहे. आता त्याचा आवाज आठवायला जाते, तर नाना येतात. कंडक्टर येतो. तो येत नाही. बाराच दिवस झालेत, मंडळी. वर्षानं काय होईल?

युनूसभाई, तुम्ही मागं उभे आहात, मला दिसताय. खरा बँड सोडून डुप्लिकेटमध्ये आलेला एकटा माणूस, असं तो तुम्हाला चिडवायचा. पंधरा वर्षं तुम्ही त्याच्या शेजारी क्लॅरिनेट वाजवलं. तो मला एकदा म्हणाला होता, “माझी नक्कल एकट्या युनूसभाईला येती. टेम्पोत करतो बेणं. लई बेकार करतो, अक्का, ऐकवत न्हाई.” मी ती कधीच ऐकली नाही.

काल अंगणात तुम्हाला ती नक्कल कराल का म्हणून विचारलं, तर तुम्ही चपला घालून निघून गेलात. आज सगळ्यांसमोर विचारते. हे बरं नाही, मला कळतं. आत्ताही तुम्ही नाही म्हणून मान हलवताय.

मंडळी, आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. आणि युनूसभाई, गाणं नको. गंमत नको. त्याच्या आवाजात मला एकदा नुसतं विचारा, जेवलीस का.