रांजणाखालची कडी

सर्जेराव सर : ...म्हणून म्हणतो संपतराव, उद्या तुमच्या सत्यशीलाच्या सत्काराला शाळेत तुमचीच कडी पाहिजे. कलेक्टरसाहेब येणार. मैदानात बास्केटबॉलचा खांब आहे, फळी आहे, फक्त कडी नाही.

गिरिजाबाई : ऐकलं का हो? आज तुम्ही 'राव' झाले. पोरगी नववीत होती तव्हा सरांच्या तोंडी नुसतं 'ए संपत' होतं.

सर्जेराव सर : वहिनी, जुनं कशाला काढता.

संपत : पण शाळेची होती ना सर एक?

सर्जेराव सर : भंगारात गेली. त्या खांबाला आता हेडसरांची स्कूटर बांधतात.

गिरिजाबाई : अन् त्याच्या आधी पोरींना तिथं उभं राहू देत नव्हते. सत्यशीला बॉल मागायला आल्ती, तर तुम्ही तिला वर्गातली जळमटं काढायला लावली. म्हणले, उंचीचा काही उपयोग होऊ दे.

सर्जेराव सर : यालाच पायाभरणी म्हणतात. हात वर करायची सवय तिला तिथंच लागली. उद्याच्या भाषणात घेतलंय मी ते.

गिरिजाबाई : अन् पत्रिकेत काय घेतलं?

सर्जेराव सर : हे बघा. 'रेल्वे संघाची कप्तान, भारताची खेळाडू सत्यशीला. शिल्पकार : सर्जेराव सर.' मस्तगडच्या चौकात बॅनरही लागलंय.

संपत : आमचं नाव?

सर्जेराव सर : आहे ना. खुर्चीवर चिकटवलंय. पहिली रांग.

संपत : लई झालं सर. आमच्या लोखंडाच्या मिलमधले अजून इचारतात, बॉल टाकायचा पगार कोण देतं रे. मी म्हणतो रेल्वे देती, वरतून इमानात बसवून नेती. कुणाला खरं वाटत न्हाई. कडीची सळई मी मुकादमाला इचारूनच आणल्ती. पाळी सुटल्यावर वाकवली अन् घरामागच्या लिंबाला ठोकली. चार महिने पोरीचा एक बॉल आत पडला न्हाई. रडायची, पण हटायची न्हाई. सर, त्या कडीचं एक सांगायचं राह्यलं...

सर्जेराव सर : भाषणं उद्या, संपतराव. वेल्डर शाळेत येऊन बसलाय. कडी कुठंय?

गिरिजाबाई : त्या रांजणाखाली. रांजण बेतानं सरकवा, आजच भरलाय.

सर्जेराव सर : बघा, ऐतिहासिक वस्तूवर पाणी साठवता तुम्ही लोक.

गिरिजाबाई : उद्या पैला बॉल कोण टाकणार? सत्यशीला?

सर्जेराव सर : छे. तिचा तर सत्कार आहे. कलेक्टरसाहेब फीत कापतील, मी बॉल टाकीन, मग टाळ्या. फोटोवाल्याला बजावलंय, बॉल कडीत जाताना घे म्हणून.

गिरिजाबाई : तुम्ही कधी टाकलाय का?

सर्जेराव सर : अहो, तीस वर्षं शिट्टी वाजवलीय.

(सर कडी पोत्यात घालतात, सायकलला बांधतात आणि जातात.)

गिरिजाबाई : सांगायचं होतं ना बराबर.

संपत : सांगूनच राह्यलो होतो. ऐकलं का त्यांनी?

गिरिजाबाई : माप ठाऊक नसताना कडी करायचा उद्योग कुणी सांगितल्ता? बॉल ठेवला अन् त्याच्याभवती सळई वाकवली.

संपत : बॉल आरपार गेला, मला वाटलं झालं काम. दहावीत तिला निवडीसाठी एसटीनं औरंगाबादला नेलं तव्हा कळलं. खऱ्या कडीकडं बघून म्हणली, बाबा, ही तर इहीर हाय, ह्याच्यात चुकायचं कसं? विसातले एकोणीस टाकले. तिथून राज्य, राज्यातून रेल्वे.

गिरिजाबाई : मंग पळा की. गल्लीच्या तोंडाशी असतील अजून. आपल्या कडीत बॉल घासूनच जातो, इतकं तरी सांगा. कलेक्टरपुढं दिवसभर टाकत बसतील बिचारे.

संपत : रांजण धर त्या बाजूनं, कलंडायलाय. पोरीला तरी कुणी सांगितलं होतं?