बंद खिडकीपुढची रांग

विषय : परदेशी शिकणाऱ्या भाचीस हिशेबशास्त्र सोडून शिल्पकला शिकण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : तिथल्या संग्रहालयात माझी झालेली शोभा.

हसू नका! जन्म कचेरीत गेला, विषय-संदर्भाशिवाय तोंडच उघडत नाही माझं. तर तुम्हाला सांगतो, धाकट्या बहिणीनं फर्मान काढलं, "दादा, तू रिकामाच आहेस. जा आणि पोरीचं डोकं ठिकाणावर आण!" गेलो. तर पोरगी म्हणते, "मामा, समजावणं संध्याकाळी. आधी आमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाबरोबर संग्रहालयात चल." मला वाटलं, असतील जुने राजे, नाक तुटलेले... वर्ग पुढं गेला, मी रेंगाळत एका दालनात शिरलो आणि समोर काय? खिडकी! बंद. आणि खिडकीपुढं रांग! आता मला सांगा, रांग दिसल्यावर जो उभा राहत नाही तो माणूस कसला? राहिलो उभा. कशाची आहे ते पुढं कळेलच की!

पुढच्या बाईला विचारलं, "किती वाजता उघडते हो?" बाई गप्प. खुणेनं विचारलं. ढिम्म! म्हटलं, काय ही शिस्त! आमच्या खिडकीपुढं एव्हाना दोघांनी एकमेकांची गचांडी धरली असती.

मग उगाच खाली बघितलं... आणि तिथंच अडकलो हो. त्या बाईनं एक टाच चपलेतून काढून दुसऱ्या पावलावर टेकवली होती. तिच्या पुढच्या म्हाताऱ्यानं सगळा भार एका गुडघ्यावर घेतलेला. त्याच्या पुढच्याच्या बुटाची नाडी सुटलेली, पण वाकलो तर नंबर जाईल, म्हणून तशीच! मी अख्खी नोकरी खिडकीच्या आत काढली. आतून काय दिसतं? चेहरा, आणि कागद पुढं करणारा हात. पाय दिसतच नाहीत! एवढी माणसं आली नि गेली... ती पायांवर उभी असतात, हे मला आत्ता कळावं?

तेवढ्यात वर्ग आला. पोरं वह्या काढून माझंच चित्र काढायला लागली! त्यांचे मास्तर म्हणे (भाचीनं नंतर सांगितलं), "शेवटची आकृती नीट बघा. चेहऱ्यावरचा तो न संपणारा कंटाळा..." मी शिंकलो. एक मुलगी किंचाळली! भाची धावत आली, "मामा, पुतळे आहेत ते!"

"पुतळे? मग बाईच्या टाचेला भेगा कशा?"

"केल्यात कुणीतरी, हातानं. मला तेच शिकायचंय, मामा."

आता मला सांगा, यावर काय डोंबल समजावणार? अर्ज स्वीकारला, तोंडी, आणि परतलो.

बहीण भाजी निवडत होती. "आलं का डोकं ठिकाणावर?"

म्हटलं, "तिचं होतंच. शिकू दे तिला. प्रवेशाची मुदत संपत आलीये."

मान वरसुद्धा न करता म्हणाली, "बघू. उद्या ये."

उद्या ये! मला! पण करता काय... रोज जातो. आत ये म्हणत नाही, म्हणून दाराबाहेरच उभा राहतो. काल सहज खाली बघितलं, तर माझी एक टाच चपलेतून बाहेर, दुसऱ्या पावलावर.

अर्ज विचाराधीन आहे.