जागचा न हललेला ठिपका

काल मेंढ्या एकट्याच घरी आल्या. नवरा आला नाही, म्हणून यांगडोल सकाळीच पोलीस चौकीला जायला लडाखमधल्या हानले गावाला जाणाऱ्या बसच्या रांगेत उभी होती. पुढे दोघे भाऊ लॅपटॉपवर काल रात्री काढलेला आकाशाचा व्हिडिओ बघत होते.

“दादा, डोंगरावरचा पिवळा ठिपका कुठे गेला?”

“पुसला. अंधारात कॅमेरा असले खोटे ठिपके पाडतोच.”

“खोटा कशावरून?”

“अरे शहाण्या, तारे सरकले, हा रात्रभर जागचा हलला नाही.”

“मी मध्ये कॅमेरा वळवला होता. खोटा असता तर कॅमेऱ्याबरोबर सरकला असता. हा डोंगरालाच चिकटून राहिला.”

“मग?”

“मग कुणीतरी होतं तिथे.”

“रात्रभर? एकाच जागी?”

यांगडोलने थोरल्याची बाही धरली.

“बाबा रे, पुसायच्या आधीचं दाखव. आमच्या ह्यांच्या विजेरीचा उजेड पिवळाच आहे.”