पिक्चरमधला शांत सीन

अरे, अनघाला मी लग्नाचं विचारलं ते व्हाइटफील्डच्या थिएटरात, सुपरहिरोच्या पिक्चरला. दुसऱ्या दिवशी ती बेंगळुरू सोडून पुण्याला चालली होती, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पडद्यावर मात्र नुसत्या इमारती कोसळत होत्या. बोलणार कसा? शेवटी एकदाचा हिरोने मुखवटा काढला, हिरोइन त्याच्या जखमेवर फुंकर घालू लागली आणि थिएटर गप्प झालं. इथं मराठी कुणाला कळतंय, असं वाटून मी विचारलं, "अनघा, लग्न करशील माझ्याशी?"

आवाज जरा मोठाच निघाला. तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या एक अनोळखी अक्का मागे वळल्या आणि कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या,

"स्वल्प लवकर सांग की गं, मारामारी सुरू व्हायच्या आत!"

अनघाने उत्तर दिलं, पण मला नाही, त्यांना.

"करते, अक्का."