हिरवा दिवा कुणाचा

सकाळी शाळेला निघालेले तात्या मास्तर परळच्या बसथांब्यावर उभे होते. रांगेत पुढे दोन गिरणी कामगार बायका तावातावाने बोलत होत्या.

"शेवंते, पोर वाचली मां?"

"वाचली गो, गुडघा फुटला. काल संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यापायी शाळा लवकर सुटली. सिग्नलला हिरवा दिसला, नि ही मोटारीपुढेच चालती झाली!"

"येडी काय ती?"

"येडी कशाला? शाळेत शिकवलंय, लाल थांबा, हिरवा चला. अगो, तो हिरवा मोटारींचा! त्यांना लाल झाला, त्या थांबल्या, की मग आपण पट्ट्यांवरून जायचं. एवढं सांगायला मास्तरची जीभ झडली होती?"

"कुठला मास्तर?"

"तिच्या वर्गाचा, तात्या मास्तर म्हणे. भेटू तर दे मेल्याला!"

तात्यांनी टोपी काढली. "बाई, मीच तो. उद्या सगळा वर्ग सिग्नलपाशी आणून शिकवतो."

"उद्या? शाळा आजपण सुटणार आहे, मास्तर!"